डॉयलचा अंगठा

डॉयल हास्केटला दोन वर्षांपासून जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, आणि हे एकट्या त्याच्या बायकोला माहीत होतं. व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात बिस्किटं भाजायची, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची आणि उरलेला वेळ नवऱ्याची झाकली मूठ झाकून ठेवायची. डॉयल खडीच्या खाणीत सुरुंग उडवायचा. माणसं बाजूला झाली, असं वायरलेसवर ऐकायचं आणि मगच बटण दाबायचं, हे त्याचं काम. बहिऱ्याला त्या कामावर कोण ठेवणार? तो म्हणायचा, "पेन्शनला तीन वर्षं राहिलीत, व्हर्न. तोवर कुणाकडे बोललीस तर बघ!"

लोकांत निभावून न्यायची त्याची एक युक्ती होती. समोरच्याचे ओठ हलले आणि काही कळलं नाही, की गडी हसून अंगठा वर करायचा. काय रुबाबात करायचा मेला! गावाला वाटायचं, डॉयलसारखा दिलदार माणूस नाही.

गेल्या हिवाळ्यात कुणीतरी त्यांची शेड फोडली. व्हर्ना घरात एकटी होती आणि शेरीफची गाडी डोंगर चढून यायला पाऊण तास लागला. तेव्हा दोघांनी एकेक कार्बाइन बंदूक घेतली, वसंतात नेमबाजीचा पहिला वर्ग केला आणि ऑक्टोबरात दुसऱ्या पायरीच्या वर्गाला नाव घातलं. पहिल्या वर्गात एका जागी उभं राहून गोळ्या मारायच्या होत्या. इथे चालता चालता मारायच्या, गुडघ्यावर बसून मारायच्या, आडोशामागून मारायच्या. व्हर्नाने नको नको म्हणून पाहिलं.

"तू शेजारी उभी राहा," तो म्हणाला. "फायर म्हटलं की कोपराला एक टिचकी, बंद म्हटलं की दोन. हाय काय अन् नाय काय!"

आणि ही शहाणी तयार झाली.

दुपारपर्यंत टिचक्यांवर भागलं. जेवताना केंड्रिकने डॉयलला टोमणा मारला. केंड्रिक म्हणजे शिकवणारा, पोलिसातून निवृत्त झालेला, जिभेला हाड नसलेला माणूस. "काय रे डॉयल, बायकोला इतका चिकटून उभा राहतोस, नवीन लग्न झालंय का?" डॉयलने अंगठा वर केला. सगळे खो खो हसले.

जेवणानंतर प्लायवूडच्या सहा भिंती उभ्या केल्या. प्रत्येक भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर एक भोक, त्यातून नळी काढून समोरचं निशाण मारायचं. व्हर्नाच्या शेजारच्या भिंतीमागे डॉयल, आणि मध्ये आठ फूट अंतर. आता टिचकी कुठून मारणार?

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत वाऱ्याने कडेचं निशाण पाडलं. "फायर बंद!" केंड्रिक ओरडला. "बंदुका रिकाम्या करा. झालं की हात वर!" व्हर्नाने गोळ्यांचं मॅगझिन काढलं, बंदूक खाली ठेवली आणि हात वर केला. डॉयल नवं मॅगझिन चढवत होता. केंड्रिक आपल्याकडे बघून काहीतरी बोलतोय एवढं त्याने पाहिलं, आणि अंगठा वर केला.

केंड्रिकने डॉयलचा अंगठा धरून सहा हात मोजले आणि तो पुढे निशाणांकडे चालू लागला.

डॉयलने भोकात नळी घातली. त्या भोकातून त्याला फक्त स्वतःचं निशाण दिसत होतं. केंड्रिक चालत त्या निशाणासमोरच येत होता, अजून दहा पावलं.

"फायर बंद!" व्हर्ना किंचाळली. वर्गाचा नियमच होता, कुणीही ओरडावं आणि सगळ्यांनी थांबावं. सगळे वळले. डॉयल तेवढा वळला नाही.

ती धावली. कशी धावली ते तिचं तिलाच आठवत नाही. मागून त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग मागे टाकलं. डॉयल धपकन मातीत बसला, नळी आभाळाकडे. गोळी सुटली नाही.

"वेड लागलंय का तुला?" तो गरजला. मग भिंतीच्या कडेने त्याला निशाणांमध्ये उभा केंड्रिक दिसला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

केंड्रिक आला. बंदूक काढून घेतली, रिकामी केली. डॉयलने कानावरचे मफ काढून दाखवले. "बॅटरी गेली यांची! काही ऐकूच आलं नाही."

केंड्रिकने मोठा श्वास सोडला. बॅटरीवर चालणारे ते मफ धमाका अडवायचे आणि बोलणं आत सोडायचे, तेव्हा पटण्यासारखंच होतं. "माझंही चुकलं, जवळ येऊन बघायला हवं होतं. व्हर्नाबाई, माझ्या गाडीत नवी बॅटरी आहे. घालतो, मग बघू."

व्हर्नाला सुटल्यासारखं वाटलं, खरंच वाटलं. एक हो म्हटलं की झालं. पण सोमवारी सकाळी सात वाजता हाच माणूस खाणीत बटणापाशी उभा राहणार होता, आणि खाली आठ जण. तिथे त्याचा पट्टा कोण धरणार होतं?

"बॅटरी चांगली आहे," ती म्हणाली. "त्यालाच ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. खाणीतसुद्धा तो असाच उभा असतो. मी लपवलं."

डॉयल खाली मान घालून गुडघ्यावरची माती झटकत होता. त्याने वर पाहिलं, सगळे आपल्याकडेच बघतायत म्हणून जरासा हसला, आणि अंगठा वर केला.

व्हर्नाने तो अंगठा मुठीत धरला, त्याच्यासमोर मातीत बसली, आणि ओठ सावकाश हलवत सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.