बुडायची ड्यूटी

दर वर्षी परीक्षा संपल्या की मालवणच्या किनाऱ्यावर आपत्ती व्यवस्थापनाची रंगीत तालीम व्हायची. शाळेतली मुलं टाळ्या वाजवायला तिथे नेण्याचं थोर काम मास्तर म्हणून माझ्याकडे असायचं.

तालमीत बुडण्याची ड्यूटी एका होमगार्डची. तो किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या रापणकराच्या घरातला, सगळ्यांत चांगला पोहणारा. म्हणूनच त्याला बुडवायचे. दुसरा कोणी खरंच बुडला तर तालीम घेणाऱ्या साहेबांची पंचाईत. खाकी शर्टाची घडी तो वाळूवर ठेवायचा, वर टोपी, टोपीवर दगड. मग खोल पाण्यात जाऊन असा बोंबलायचा की मासे विकणाऱ्या बायका पोट धरून हसायच्या. फोटो होडीतून जाऊन त्याला वाचवणाऱ्यांचे निघायचे. हा बाजूला नाकातलं पाणी शिंकरत बसलेला.

एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतर त्याच्या वाडीतली होडी बंदराच्या तोंडाशी उलटली. दोघे गेले, त्यातला एक त्याचा सख्खा भाऊ. हा त्या दिवशी समुद्रापासून लांब, हमरस्त्यावरच्या कसालला, कुणा बड्या पाहुण्याच्या ताफ्यासाठी, गर्दीपुढे दोरी धरून उभा होता.

पुढच्या तालमीलाही तो आला. घडी, टोपी, दगड, सगळं तसंच. छातीभर पाण्यात गेला आणि गप्प उभा राहिला.

साहेब भोंग्यातून ओरडले, “अरे, मदत माग!”

“मागणाऱ्यांनी मागल्यानी, सायबानू! तेवा मी कसालाक दोरी धरून उभो होतंय.”

साहेबांनी होडीला हात केला. होडी गेली, उभ्या माणसाला बखोटीला धरून वर ओढलं, फोटो निघाला.

मुलांनी शिकवल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या.