डोले झाका

शुभांगी नाशिकजवळ मखमलाबादला, आईवडिलांच्या घरी बसून परदेशी कंपन्यांच्या वेबसाइटचे सांगाडे आखते. पद भारदस्त आहे, टेक्निकल आर्किटेक्ट. मजकूर लिहिणारे दुसरेच. तो कुठे साठवायचा, तेरा भाषांत कसा न्यायचा आणि कुणाच्या सहीशिवाय लोकांसमोर जाऊ द्यायचा नाही, हे बाईसाहेब ठरवतात. पंधरा वर्षं झाली, पण कामाचा कंटाळा म्हणून तिला ठाऊक नाही.

फवारणीचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीची साइट त्या शुक्रवारी चार वाजता सुरू व्हायची होती. तेरावी भाषा मराठी, त्यामुळे शुभांगी जाम खुशीत. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं हौसेनं ती पानं वडिलांपुढे धरली. सावळीरामांचा जन्म गुलाबाच्या शेतात गेलेला, त्यांच्याहून चांगला परीक्षक कुठं मिळणार?

त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "फवारताना डोले झाका." मग बाही वर सारून दंड फुगवला. "हे झाकू व्हय?"

आई, अंबूबाई, हसून हसून खालीच बसली. शुभांगीही खो खो हसली आणि एकदम थांबली. औषध उडणार डोळ्यांत, आणि माणूस झाकणार दंड!

तिनं लगेच शोध घेतला. पानं तयार करणाऱ्या यंत्रणेला कुणीतरी हिंदीची अक्षरयादी लावून दिली होती. त्या यादीत 'ळ' नव्हता, म्हणून यंत्रणा जिथं तिथं 'ल' बसवून मोकळी झाली होती.

पुण्याहून प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या आल्हादला तिनं फोन लावला. तो म्हणाला, "अगं, लोक समजून घेतात. सोमवारी बघू ना."

"आल्हाद, डोळे आहेत ते! मी सही करणार नाही."

"मग तेराही भाषा अडकतील."

"अडकू देत. मला तीन तास दे."

सरसकट 'ल'चा 'ळ' करावा, तर 'लाल'चं 'ळाळ' व्हायचं. पण मूळ मजकूर जसाच्या तसा वेगळा जपायचा, असा दंडक तिनंच घातला होता. तेव्हा या जादा कामावर सगळे कुरकुरले होते. यंत्रणेला मराठीची अक्षरयादी लावून तिनं त्या मजकुरावरून पानं नव्यानं काढली, एकेक तपासली आणि सही ठोकली. सातला साइट सुरू झाली. उशिराचं कारण ऐकून कॉलवरच्या परदेशी साहेबांनी कुतूहलानं विचारलं, हे 'ळ' अक्षर म्हणतात तरी कसं? मग काय, पाच देशांतल्या माणसांनी जिभा वळवून पाहिल्या, एकालाही जमेना. शुभांगीला एवढा आनंद झाला होता की तिनं सगळ्यांना तीन-तीनदा म्हणायला लावलं.

वडिलांनी पान पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात.

"मागल्या साली आठ दिवस डोळे चुरचुरत व्हते," ते म्हणाले. "तुम्हाला बोललो नाय."

अंबूबाईनं कपाळाला हात लावला.

"हा फवारायचा गॉगल कुठं भेटतो गं?" त्यांनी लेकीला विचारलं. "दोन मागव. शेजारचा सहादू पन तसाच फवारतो."