पार्ट द्या म्हणणारी सुमैरा

इस्लामपुरात स्टँडच्या मागे इमाम मिस्त्रींचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांची नजर अधू झाली तसं ते थोरल्या मुलीनं, सुमैरानं, हातात घेतलं. टीव्हीचं काम कमी झाल्यावर ती गेम खेळायची यंत्रं दुरुस्त करायला स्वतःच शिकली. तारा जोडायला कथलाचा डाग देण्यात तिचा हात बापापेक्षा हलका होता.

गेल्या वर्षी एका परदेशी कंपनीनं नवं यंत्र आणलं. किंमत जुन्या मोटारसायकलीएवढी. ‘एवढं कुणाला परवडणार?’ असं मुलाखतीत विचारल्यावर कंपनीचा बडा साहेब हसून म्हणाला, ‘‘न परवडणाऱ्यांनी आमचं जुनं यंत्र वापरावं.’’ ते हसणं सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. ज्यांनी असलं यंत्र कधी पाहिलंही नव्हतं, तेही शिव्या देऊ लागले.

मलकापूरचा ऋषिराज व्हिडिओ करायचा. तो दुकानात आला. ‘‘ताई, त्या साहेबाला काय सांगशीला?’’

सुमैरानं मान वर केली नाही. ‘‘त्यो चुकीचं न्हाई बोलला. जुनं यंत्र चालतंय की. पण त्याचे पार्ट ह्यांनीच बंद केल्यात. मी मेलेल्या यंत्रातलं काढून घालतीया. जुनं वापरा म्हणताय, तर पार्ट द्या.’’

कुणीतरी त्याच्या व्हिडिओतलं पहिलं वाक्य तेवढं कापून पसरवलं. दोन दिवस तिला कंपनीची चमची म्हणत घाणेरडे फोन आले. धाकटा भाऊ मोहसीन म्हणाला, ‘‘आठ दिवस दुकान बंद ठेव.’’

इमाम खाटेवरून म्हणाले, ‘‘बोललीस त्यात खोटं काय हाय?’’

‘‘काय न्हाई, अब्बा.’’

‘‘मग उघड की.’’

तिनं दुकान उघडलं. त्या सकाळी तिच्या हातून दोनदा डाग चुकला.

ऋषिराजनं पूर्ण व्हिडिओ पुन्हा टाकला, तेव्हा वारं फिरलं. कऱ्हाड, कवठे महांकाळहून माळ्यावर पडलेली यंत्रं येऊ लागली. काहींनी बंद पडलेली, पार्ट काढायला म्हणून फुकट पाठवली. एका पार्सलवर तिला फोनवर शिव्या देणाऱ्यांपैकी एकाचं नाव होतं. सुमैरानं ते ओळखलं, यंत्र नीट केलं आणि नेहमीचाच दर लावला.

कंपनीनं किंमत उतरवली नाही, पार्टही दिले नाहीत.

दिवाळीत ऋषिराजनं तेच नवं यंत्र हप्त्यावर घेतलं आणि तिला दाखवायला आणलं. सुमैराला ते उघडून आत बघायचं होतं. वॉरंटी जाईल म्हणून त्यानं हात लावू दिला नाही.