पाळतीचं प्रेमगीत

सुपरमार्केटमध्ये एक जुनं ब्रिटिश प्रेमगीत लागलं, की दहा-बारा वर्षांपूर्वीचा जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गमधला आमच्या लग्नाचा वाढदिवस आठवतो. बटाटेवड्यांच्या वासाने भरलेल्या हॉलमध्ये नवऱ्याने तेच गाणं माझ्यासाठी लावलं. "अय्या, किती रोमँटिक!" बायका चेकाळल्या. गाण्यातला पुरुष सोडून गेलेल्या बाईवर पाळत ठेवतो, हे कुणी ऐकलंच नव्हतं. माझं डोकं भडकलं. मी कुठे आहे हे नवराही दिवसभर फोनवर बघायचा आणि "बेकरीत इतका वेळ?" म्हणून विचारायचा. "वहिनी, आता उखाणा!" कुणीतरी माइक दिला. मी म्हणाले, "पाळतीला प्रेम म्हणणं मला जमत नाही, म्हणून आज मी कुणाचंच नाव घेत नाही." "अगं, काळजीपोटी बघतो," नवरा पुटपुटला. मी त्याच्यासमोरच फोनमधलं लोकेशन बंद केलं. ते अजून बंदच आहे.