घोरपड नव्हे, इग्वाना

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही आईला ऐकवलंत, "आज्जीकडे इग्वाना आहे, मग आम्हाला का नाही?" म्हणून हे लगेच लिहायला बसले. तुम्ही त्याला फोटोत पाहिलंत. फोटोला वास येत नाही.

तो हिरवा, दांडगा सरडा तुमच्या मामाचा. कारेगावला नोकरी होती तेव्हा तिथल्या खोलीत त्याने तो पाळला. मग दौंडला बदली झाली. तिथल्या घरमालकाने दारातच हात जोडले, "साहेब, पाल असती तर चाललं असतं. हे न्हाई." मामाने तो पिंजऱ्यासकट शिरूरला आणला आणि म्हणाला, "आई, दोनच महिने." त्याला दीड वर्ष झालं.

मागची, शिवणयंत्राची खोली त्याची झाली. त्याची कातडी तुकड्यातुकड्यांनी सुटते. ते पापुद्रे मला उशीच्या अभ्र्यावर सापडले, एकदा चष्म्याच्या डबीतही. तो शिंकला की नाकातून मीठ उडतं आणि खिडकीच्या काचेवर पांढरे ठिपके वाळून बसतात. परातीत कोमट पाणी ठेवलं की आत उतरतो, डोळे मिटतो आणि त्यातच घाण करतो. रोज. त्याची परात वेगळी आहे, तिला लाल खूण केली आहे, तरी कणकेची परात मी आधी दोनदा घासते. खाणं मात्र शाकाहारी : मेथी, शेवग्याचा पाला आणि देवासाठी काढलेली जास्वंद.

गल्लीत त्याला सगळे घोरपडच म्हणतात. घोरपड पाळणं गुन्हा आहे, म्हणून मामाने दिलेला नोंदणीचा कागद मी दाराशीच फाइलमध्ये ठेवते. पण इथे घोरपड म्हटलं की लोकांना कायदा आठवत नाही, तेल आठवतं. तिच्या चरबीचं तेल गुडघेदुखीवर चालतं, अशी जुनी समजूत.

गेल्या थंडीतला एक गुरुवार. दुरुस्तीसाठी सकाळीच लाइट गेली आणि त्याचा उबेचा दिवा विझला. अकराला पाहते तो फरशीवर काळपट, ताठ पडलेला. केरसुणीच्या टोकाने ढोसलं, हलला नाही. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. शिवणयंत्र पुन्हा कुठे ठेवायचं, तेही मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात शेजारचे आबा आले. "वहिनी, घोरपड गेली व्हय? मग पुरू नका, मला द्या. मंद आचेवर पातेल्यात झकास तेल सुटतं."

"आबा, ही घोरपड नाही. हा नुसता पाला खातो."

"म्हंजी तेल आनखी सोवळं!"

तुमचे आजोबा खुर्चीतून म्हणाले, "दे गं. आमचे दोघांचे मिळून चार गुडघे आहेत."

आबा पेंडीचं रिकामं पोतं घेऊन आले. त्यांनी त्याला शेपटीला धरून उचललं आणि त्याची गळ्याखालची पिशवी एकदा, अगदी जराशी, हलली. ते फक्त मला दिसलं. गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण ते पातेलं डोळ्यांपुढून जाईना.

"खाली ठेवा. जिवंत आहे तो."

"कुठं जित्तं हाय? पार लाकूड झालंय."

तोवर मी त्याला कधी हात लावला नव्हता. जुन्या लुगड्यात गुंडाळून, पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून, मी अंगणातल्या उन्हात त्याला मांडीवर घेऊन बसले. गार, कारल्यासारखं खरखरीत अंग. बऱ्याच वेळाने कातडीवर हिरवा रंग चढला, एक डोळा उघडला आणि माझी सगळी मांडी त्याने भरवून टाकली.

आबांनी उपरण्याने नाक दाबलं. "घ्या वहिनी! तेल ऱ्हायलं, हे मिळालं."

लुगडं फेकलं, दोनदा अंघोळ केली, जेवण गेलं नाही.

तर मुलांनो, इग्वाना आणू नका. माझी किळस कमी झालेली नाही. तो जिवंत आहे, मागच्या खोलीत.