तिसऱ्या बेसचं अपील

सॉफ्टबॉलचा पंच व्हायचं म्हणून कोणी जन्माला येत नाही. बोईसरच्या एका शाळेत मी पी.टी. शिकवत होतो, मे महिन्यात ठाण्याला पंचांचं शिबिर होतं, आणि बाकीच्या सगळ्या मास्तरांना गावी जायचं होतं. म्हणून मी गेलो. परत आलो तो नियमांचं इंग्रजी पुस्तक, तोंडावर लावायची जाळी आणि भलताच ताठा घेऊन. पुढे बरीच वर्षं पालघर तालुक्यात कुठेही सॉफ्टबॉलचा सामना असला की प्लेटच्या, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायच्या जागेच्या, मागे वाकलेला माणूस मीच असायचो. लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय! कारखान्याची पाळी सुटली की कामगार मैदानाच्या कडेला टेकायचे आणि खेळ कळो न कळो, “अरे अंपायर, चश्मा लगा ले!” एवढं ओरडून आपापल्या खोलीवर जायचे. ऐंशीच्या दशकातलं बोईसर असंच होतं. कोणाला कोणाचं फारसं पडलेलं नसायचं, पण ओरडायला सगळे तयार.

मला शिव्यांचं काही वाटत नसे. जड जायचा तो गप्प राहण्याचा नियम. या खेळात तिन्ही बेसना, म्हणजे जमिनीवरच्या छोट्या गाद्यांना, ओळीने पाय लावून पुन्हा प्लेटवर पोचलं की एक धाव. धावणारी पोर बेसला पाय न लावता पुढे गेली, हे पंचाला दिसलं तरी त्याने तोंड उघडायचं नाही. समोरच्या संघाने अपील केलं तर आउट द्यायचं, नाही केलं तर धाव चालू. क्रिकेटमधली ‘हाउझॅट’ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, तसंच हे. सामना शेवटच्या धावेवर संपला तर हरलेल्या संघाचे बेसजवळचे क्षेत्ररक्षक मैदान सोडेपर्यंत अपील करता येतं, आणि तोवर पंचाने जागा सोडायची नाही. शिबिरातल्या म्हाताऱ्या सरांनी वर आणखी बजावलं होतं, की नुसतं तोंड बंद ठेवून भागत नाही, चेहऱ्यावरही काही दिसता कामा नये.

माझी बायको बोईसरजवळच्या, समुद्रकाठच्या नवापूरच्या शाळेत शिकवायची. आमच्या घरात तो खेळ माझ्यामुळे आला आणि तिच्या डोक्यात शिरला. तिने मांगेल्यांच्या, म्हणजे तिथल्या मच्छीमारांच्या, पोरींचा संघ बांधला. शाळेला मैदान नव्हतं, म्हणून ओहोटीला किनाऱ्यावर सराव. वाळूत गोणपाटाचे बेस दिसेनात, पायाखाली सरकायचे, तेव्हा पोरींनीच युक्ती काढली. बोंबील वाळवायला किनाऱ्यावर बांबू लागतातच. त्यातले जादा बांबू आणून प्रत्येक बेसच्या जागी एक रोवला. पळत यायचं, डाव्या हाताने बांबू धरायचा, त्याच्याभोवती गर्रकन वळायचं आणि पुढे सुटायचं. पोरी वाऱ्यासारख्या पळायच्या. मी एकदा पाहिलं आणि बायकोला म्हणालो, “ही सवय मोड. मैदानावर बांबू नसतो.” तिने ऐकलं. मग शाळेच्या अंगणात गोणपाटं टाकून महिनेच्या महिने पाय लावायचा सराव घेतला.

त्यातली एक पोर नववीत होती, सगळ्यांत वेगवान. तिच्या आईचे गुडघे गेले होते, त्यामुळे माशाची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायला घरात दुसरं कोणी नव्हतं. बाप तिला शाळेतून काढायला निघाला, तेव्हा बायको त्याच्या घरी जाऊन बसली. खेळावर पुढे नोकरी लागते, पोलिसात घेतात, असं काय काय तिने सांगितलं. तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, “बाई, खेलून कोनाचं पोट भरलंय? पन तुमी म्हनता तर बघू. तालुक्याला जिंकून ठान्याला गेली, तर दहावी करू दे. नाय गेली तर पाटी उचलील.” बायको घरी आली ती आनंदाने. मला तो आनंद मुळीच आवडला नाही. पोरीची दहावी एका चेंडूवर टांगायची, हा कुठला न्याय? पण ती म्हणाली, निदान टांगलेली तरी आहे.

तालुक्याचा अंतिम सामना बोईसरला होता. नवापूरच्या पोरी आणि पालघरच्या एका शाळेचा संघ. मी आधीच सांगितलं, माझी बायको एका संघाची शिक्षिका आहे, दुसरा पंच बघा. दुसरा होता कुठे? पालघरचे सर हसून म्हणाले, “तुम्हीच उभे राहा हो. तुम्ही सख्ख्या बायकोलाही आउट द्याल.” सकाळी घरातून निघताना बायको मला म्हणाली होती, “आज मैदानावर मी तुमची कोणी नाही.” तसंच ठरलं होतं आमचं.

सातवी इनिंग, म्हणजे शेवटची. धावा बरोबरीत, नवापूरच्या दोघी बाद, आणि दुसऱ्या बेसवर ती पोर. पुढचीने चेंडू उजवीकडे लांब मारला. बेसजवळचा पंच नवखा, तो पहिल्या बेसकडे बघत राहिला. तिसरा बेस बघायचं काम माझं. ती आली, आणि तिचा डावा हात बाहेर गेला. नसलेला बांबू तिने हवेत धरला आणि त्याच्याभोवती गर्रकन वळली. पाय बेसपासून चांगला हातभर लांब पडला. मग ती सुसाट आली आणि माझ्या पुढ्यात प्लेटवर दोन्ही पाय आपटून उभी राहिली.

नवापूरच्या पोरींनी तिला उचललं. पालघरच्या पोरी होत्या तिथेच मटकन बसल्या, दोघी-तिघी रडत होत्या. कोणीही तिसऱ्या बेसकडे बघितलं नव्हतं. मला आता एवढंच करायचं होतं, उभं राहायचं. मनातल्या मनात मी त्या रडणाऱ्या पोरींना म्हणत होतो, उठा गं बायांनो, घरी जाऊन रडा, एकदाच्या मैदानाबाहेर जा. देवाकडेसुद्धा मी कधी इतक्या काकुळतीने काही मागितलेलं नाही. सामना संपला की मी जाळी काढून काखेत मारतो. त्या दिवशी चेहरा दिसू नये म्हणून ती तोंडावरच ठेवली होती.

बायको हसत, पदर सावरत मैदानात आली आणि माझ्याकडे बघून थबकली. इतक्या वर्षांचा संसार, तिला जाळीआडून काय दिसायचं ते दिसलं. सकाळचं ठरलेलं सगळं ती विसरली. “अहो, काय झालं? असे का उभे आहात? आमचं काही चुकलं का?”

 पालघरचे सर बॅटी गोळा करत होते, तिचा प्रश्न ऐकून ते सरळ झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग एकेक बेस पाहिला. बसलेल्या पोरींना ओरडून सांगितलं, कोणी जागा सोडायची नाही. कोणता बेस ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून पहिलं अपील त्यांनी प्लेटचं करायला लावलं. मी हात पसरून सेफ, म्हणजे नाबाद, दिलं. मग त्यांची तिसऱ्या बेसवरची पोर चेंडू घेऊन बेसवर उभी राहिली आणि घाबरत म्हणाली, “सर, हिने हा बेस चुकवला.”

मी मूठ वर केली. आउट.

नवापूरची ती पोर धावत माझ्याकडे आली. “सर, लागला व्हता! माजा हात लागला व्हता!” आणि तिने तळहात माझ्यापुढे धरला. कडेला बसलेले लोक हसले. ती खोटं बोलत नव्हती, तिच्या हाताला खरंच बांबू लागला असणार. मला त्या क्षणी तो खेळ, ते पुस्तक आणि स्वतःचीही किळस आली. तरीही पुन्हा तोच चेंडू असता तर मी तीच मूठ वर केली असती.

ती तिसरी बाद, म्हणून धाव गेली, बरोबरी राहिली, आणखी एक इनिंग खेळावी लागली. नवापूरच्या पोरींच्या हातून सोपे चेंडू सुटले, आणि त्या हरल्या. दिवाळीनंतर ती पोर शाळेत दिसली नाही. बापाने शब्द पाळला.

बोईसरच्या बाजारात ती आईच्या जागेवर बसू लागली. बायको मासळी घ्यायची ती तिच्याकडूनच. बाकीच्या पाट्यांकडे बघायचीही नाही. पोर तिला निवडून द्यायची, वर मूठभर जास्त घालायची. मी गेलो की, “संपला म्हावरा,” पाटीत दिसत असला तरी. पंचानेच घात केला, एवढंच तिला माहीत होतं. ज्यामुळे अपील झालं तो बायकोचा प्रश्न त्या गडबडीत तिच्या कानावर गेलाच नव्हता, आणि मी तिला कधी काही सांगितलं नाही. बायको दोन-तीनदा सांगायला म्हणून गेली आणि नुसती मासळी घेऊन परत आली.

एकदा आम्ही दोघं बरोबर गेलो. पोरगी तोवर लग्न होऊन पोटुशी होती. तिने ओले बोंबील मापापेक्षा जास्त बांधले, माझ्याकडे एक नजर टाकली आणि माझ्यादेखतच बायकोला म्हणाली, “बाई, तुमी एवऱ्या चांगल्या. या मानसाबरोबर दिवस कशे काढता?”

बायकोचे ओठ हलले. ती आता बोलणार, हे मला कळलं. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणालो, “चल, उशीर होतोय.”

स्टेशनपर्यंत ती माझ्या मागून रडत चालली होती. म्हणाली, “आज तरी बोलू द्यायचं होतंत मला.”

“बोलली असतीस,” मी म्हणालो, “तर तिला दुसरी बाई कुठून आणून दिली असती?”

घरी येऊन तिने बोंबील तळले आणि मला वाढले. स्वतः लोणच्याशी भात खाऊन उठली.