मिचिकोबाईंच्या वडिलांची वही

श्रीगजाननास आणि वाग्देवी शारदेस वंदन करून, मिचिकोबाईंना जाऊन आज वर्ष पूर्ण होत आहे, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

ओहायोतील डब्लिन येथे मुलाकडे राहावयास आलो, तेव्हा या जपानी बाई आमच्या शेजारी होत्या. वय शहाऐंशी. सकाळी मी अंगणात पोथी उघडून बसलो की कुंपणाशी येऊन विचारीत, "शास्त्रीसान, तुमचे देव आज काय म्हणतात?" मी सांगू लागलो की हात वर करीत. "आधी चहा. देव थांबतात, चहा थांबत नाही."

एके दिवशी त्या रुमालात बांधलेली वही घेऊन आल्या. त्यांचे वडील मुलांसाठी गोष्टी लिहीत. तैवान जपानच्या ताब्यात असताना सरकारने त्यांना तिथल्या शाळांतून गोष्टी सांगत फिरावयास पाठविले होते. ही त्या प्रवासाची वही, आणि बाईंनी ती चाळीस वर्षे उघडली नव्हती.

"पणतीला त्यांच्या गोष्टी हव्या आहेत," त्या म्हणाल्या. "तिथल्या मुलांना त्यांनी हीन लेखले असेल, तर कोणत्या तोंडाने वाचून दाखवू? तुम्ही शेजारी बसा."

मी वही पाटावर ठेवून नमस्कार केला. बाई वाचून इंग्रजीत अर्थ सांगू लागल्या. तिसऱ्याच पानावर होते: डोंगरातली मुले रानटी आहेत, आपली भाषा शिकून माणसात येतील. बाईंनी वही मिटली.

"मिळाले उत्तर."

"बाई, आमच्याकडे अध्याय मध्येच सोडीत नाहीत. वाईट प्रसंग ओलांडून मगच थांबतात. आधी चहा घेता का?"

"आता चहाचे नाव काढू नका," म्हणत त्यांनी वही पुन्हा उघडली.

पुढे डोंगरातल्या एका गावातल्या मुलीने बाईंच्या वडिलांना आपल्या आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली होती. ती त्यांनी तिच्याच बोलीत, जपानी अक्षरांत, तिच्या नावासकट उतरविली होती. खाली लिहिले होते: 'छापावयाच्या पुस्तकात ही गोष्ट जपानी मुलीच्या तोंडी घालावी, असे सरकारी साहेब म्हणाले. मी ती पुस्तकातून काढून घेतली. या मुलांविषयी आधी जे लिहिले, ते त्यांचे न ऐकता लिहिले.'

बाईंनी ते दोनदा वाचले आणि खुर्चीला पाठ टेकली. "दोन्ही बाबाच," त्या सावकाश म्हणाल्या. "आता वाचून दाखवीन. दोन्ही सांगून."

त्या पानाची प्रत त्यांनी त्या गावच्या शाळेला पाठविली. महिन्याने उत्तर आले: गोष्ट येथे अजून सांगतात, मात्र तुमच्या वडिलांनी शेवट चुकीचा टिपला आहे. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "बाबा शेवटाला नेहमी घाई करीत."

मग पेन्सिलीने त्यांनी वहीत खरा शेवट लिहिला, आणि त्या मुलीच्या नावापुढे वडिलांनी न लावलेले आदराचे 'सान' जोडले. ती वही आता पणतीकडे आहे.

वाचकहो, आपल्या घरी सांगणारे निरामय असोत, ऐकणाऱ्यांना सवड लाभो, आणि वाडवडिलांचे लिहिलेले उघडताना आपल्या कुळाला भय न राहो.